थोट्या आबांचे तैलचित्र

गंगाखेडच्या एसटी स्टँडसमोरच्या बोळात तात्याराव पेंटरचे दुकान होते. दारावरच्या पाटीत लिहिले होते : ‘येथे हुबेहूब तैलचित्रे हाताने काढून मिळतील.’ या वाक्यातला ‘येथे’ हा एक शब्द खरा होता.

चित्र तिथे काढले जात नसे, वाढवले जाई. गिऱ्हाइकाने आणलेल्या लहानशा फोटोची तात्याराव निगेटिव्ह करी, परभणीहून तिची ब्रोमाइड कागदावर मोठी प्रत करून आणी, आणि मग त्या गुळगुळीत कागदाला हाताने रंगवल्याचे सोंग चढवण्याचे काम सुरू होई. ओल्या कागदावर जाड मांजरपाट पसरून रूळ फिरवला की कापडाची वीण कागदात उमटे. त्यावर डिंकाचा हात, त्यावर तेलरंग. चेहऱ्यावर रंग पातळ, खालचा फोटो हरवणार नाही इतकाच. कपड्यांवर मात्र सुरीने थापलेला, बोट फिरवले तर खरखर लागावी असा. कुंचल्याचा एखादा केस ओल्या रंगात मुद्दाम चिकटू द्यायचा. कडेला एक ओघळ सोडायचा. चित्रामागच्या फळीला जवसाचे तेल चोळायचे, कारण गिऱ्हाईक चित्र पाहण्याआधी त्याचा वास घेते. आणि सगळे मनासारखे झाले की एक चूक करायची. एक कान थोडा मोठा, किंवा एक भुवई थोडी वर. फोटोला चूक जमत नाही. म्हणून जिथे चूक दिसते तिथे हात असला पाहिजे, असा लोकांचा विश्वास होता आणि त्या विश्वासावर तात्यारावचा संसार चालत होता.

त्याला चित्र काढता येत नव्हते असे नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तो चांगल्या श्रेणीत उतरला होता. पण खरा चेहरा कागदावर उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बसून राहण्याची मेलेल्या माणसांच्या वारसांना सवड नव्हती. पुढे पुढे त्यालाही राहिली नाही.

अडचण धडाची असे. माणूस हयातीत एखाद्या घोळक्यात उभा राहिलेला असतो, त्याचे तोंड फोटोत हरभऱ्याएवढे असते आणि खाली धोतराचा बोंगा. असा पूर्वज दिवाणखान्यात शोभत नाही. म्हणून तात्यारावजवळ तयार धडांच्या निगेटिव्ह होत्या. त्यांना तो ‘बैठका’ म्हणे. त्यातली सर्वांत मागणी असलेली बैठक सरदारी होती : जरीकाठाचा फेटा, बंद गळ्याचा कोट, नक्षीची खुर्ची, पायांत जोडे, डावा हात काठीच्या मुठीवर आणि उजवा मांडीवर पालथा. ही बैठक भुजंगची होती.

भुजंग तात्यारावचा परभणीच्या कॉलेजातला मित्र. स्नेहसंमेलनातल्या एका नाटकात त्याने जहागीरदाराचे काम केले होते, आणि त्या वेषात तात्यारावने त्याचा फोटो घेतला होता. नाटक पडले, फोटो टिकला. पुढे भुजंग गंगाखेडच्या एका कचेरीत कारकून झाला, आणि त्या भागातले अनेक प्रतिष्ठित पुरुष मरणानंतर त्याच्या धडावर येऊन बसले. भुजंग बौद्ध होता, हे त्यांच्यापैकी कोणाच्याही मुलाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चेहरे बदलत, हात मात्र त्याचेच राहत.

१९८६ च्या उन्हाळ्यात मोहळवाडीचे दिनकरराव दुकानात आले.

मोहळवाडी सोनपेठच्या रस्त्यावर. तिथे दिनकररावांचा ऊस होता, जीप होती, नवा स्लॅबचा बंगला होता आणि आता एक विद्यालय होते. माणसाला जमीन आली की जीप लागते, जीप आली की संस्था लागते, आणि संस्था आली की वडील लागतात. दिनकररावांना वडील होते. पण ते उपयोगाचे नव्हते. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीत राबत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेली. त्याच्या भरपाईत पहिला कोरडवाहू तुकडा आला, आणि त्या तुकड्यातून पुढचे सगळे. गाव त्यांना ‘थोटा आबा’ म्हणे आणि ते ओ देत.

थोट्या आबाच्या नावाचे विद्यालय काढता येत नाही. म्हणून पाटीवर ‘आबासाहेब’ आले. आठ वर्षांपूर्वी विद्यापीठाचे नाव बदलण्याचा ठराव झाला, तेव्हा हेच दिनकरराव पारावर उभे राहून, ‘नाव बदलून इतिहास बदलतो का?’ असे विचारत होते. त्याच आठवड्यात मोहळवाडीच्या बौद्धवाड्यातली घरे जळाली. जळालेल्यांत भुजंगच्या आईचे, बायनाबाईचे, घर होते. ती माणसे गंगाखेडला आली ती परत गेली नाहीत. दिनकररावांनी काडी लावली असे कोणी म्हणत नव्हते. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता. आता आपल्या घरचा इतिहास बदलायला त्यांना दोन बोटे कमी पडत होती, इतकेच.

त्यांनी खिशातून फोटो काढला. कधीतरी जत्रेत फिरत्या फोटोग्राफरने काढलेला, कोपरे झिजलेला. बैलगाडीच्या चाकावर उजवा हात टेकून उभा असलेला एक मुंडासेवाला माणूस. चाकावर तीन बोटे दिसत होती. आबांचा जगात एवढाच एक फोटो होता. तो त्यांच्या विधवेच्या, पार्वतीबाईच्या, पत्र्याच्या पेटीत असे; ‘मोठा करून आणतो’ असे सांगून मुलाने तो आणला होता.

“हे आमचे वडील,” दिनकरराव म्हणाले. “पण असे नकोत.”

“मग कसे पाहिजेत?”

“जसे होते तसे. म्हणजे कोट, फेटा, खुर्ची.”

तात्यारावने मान हलवली. आपले वडील जसे होते तसे कोणालाच नको असतात, हे त्याला धंद्याने शिकवले होते.

“आन् हे बघा, नवं दिसायला नको,” दिनकरराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “निजामाच्या काळात हैदराबादचा चित्रकार घरी बोलावून समोर बसून काढून घेतलंय, असं दिसलं पायजे. खाली त्याची उर्दूत सही. आन् निजामी फसली साल.”

“आन् हा उजवा हात?”

“त्याचं काय?”

“दोन बोटं—”

“तुमच्या बैठकीला बोटं असतील ना?”

“धाच्या धा.”

“मग झालं तर.” दिनकरराव उठले. दारात थांबून म्हणाले, “काम झालं की फोटो जाळून टाका. परत द्यायची गरज न्हाई. उगं कुनी पडताळा बघत बसंल.”

काम उत्तम झाले. वॉर्निश अर्धवट वाळल्यावर डिंकाचे पाणी फिरवून उन्हात ठेवले, की चाळीस वर्षांचे तडे एका दुपारीत जातात. कंदिलाच्या काजळीने कडा काळवंडल्या. सही अशी लफ्फेदार झाली की ती कोणालाच वाचता येऊ नये. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर भुजंग नेहमीप्रमाणे चहाला आला, तेव्हा चित्र भिंतीला टेकून उभे होते आणि तात्याराव स्टोव्ह पेटवत होता.

भुजंगने आधी आपले हात ओळखले.

“आज कोनाचा बाप झालो?”

“मोहळवाडीच्या दिनकररावाचा.”

भुजंगने स्टूल ओढले आणि तो चित्रासमोर बसला.

“मोहळवाडी,” तो म्हणाला. “म्हंजे तिथनं म्या निघून आलो, आन् आता माझं धड तू वाजतगाजत परत धाडायलास.”

“भुजंगा, दुसरी बैठक शोभत नव्हती रे. आन् कुणाला कळतंय?”

“न्हाई कळत, तेच तर. कळत असतं तर कोटासकट पेटवलं असतं.” त्याने मान वाकडी करून पाहिले. “कान का मोठा केलास?”

“हातानं काढलंय हे दिसाया नको?”

“ब्येस. मानूस खोटा, साल खोटं, सही खोटी. आन् कान मोठा म्हनून चित्र खरं.”

तात्याराव हसला. हसता हसता त्याने फळीवरचा तो लहान फोटो उचलला आणि स्टोव्हच्या जाळाकडे नेला. भुजंगने त्याचे मनगट धरले.

“काय करायलास?”

“जाळा म्हनलेत.”

“दाखव.” भुजंगने फोटो घेतला आणि उजेडात धरला. थोट्या आबांना त्याने लहानपणी पाहिले होते. “तात्या, एवढ्या वर्षांत एवढा एकच खरा मानूस तुझ्या दुकानात आला. आन् त्यालाच तू जाळायलास?”

त्याने फोटो शर्टाच्या खिशात घातला. तात्यारावने विरोध केला नाही. चित्र देताना ‘जाळला’ असे सांगायचे, एवढे त्याने मनाशी ठरवले. त्याच्या सगळ्या निश्चयांची उंची साधारण एवढीच असे.

मोहळवाडीत एक रीत होती. मेलेल्या कर्त्याच्या फोटोला पहिला हार पडण्याआधी तो त्याच्या बायकोला दाखवीत. ती ‘तेच’ म्हणाली की हार. एरवी हा केवळ उपचार असे; पण या वेळी दिनकररावांचा चुलतभाऊ दत्तराव गावभर बोलत होता, “हैदराबादचा चितारी आला तवा आमी काय घोरत पडलो व्हतो का? काकूलाच इचारू, समद्यांसमोर.” उद्घाटनाला मंत्री येणार होते. त्यांच्यासमोर हा प्रश्न निघाला तर पार्वतीबाईच्या तोंडून ‘तेच’ निघणे भाग होते.

विधवांची तात्यारावला काळजी नसे. बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका दिला की डोळे ओलसर वाटतात, आणि चित्राचे डोळे ओले झाले की पाहणारीचे होतातच. बंगल्यात सोफ्यावर चित्र उभे करून तो त्या क्षणाची वाट पाहत उभा राहिला.

पार्वतीबाई खाली सतरंजीवर बसली होती. तिने डोळ्यांकडे पाहिलेच नाही. तिची नजर चित्राच्या खालच्या भागात फिरली आणि मांडीवरच्या हाताशी थांबली.

“ह्ये कोन हायत?”

“आईसाहेब, आबासाहेब,” दिनकरराव म्हणाले. पाहुण्यांसमोर ते आईला आईसाहेब म्हणत.

“आन् हात कोनाचे?”

“आधी तोंड बघा ना,” तात्याराव पुढे झाला. “तोंड बघा, लगेच ओळख पटंल.”

“तोंड म्या कवा बघितलं, बाबा?” पार्वतीबाई म्हणाली. “घरात सासू व्हती, सासरा व्हता, दोन जावा व्हत्या. ताट वाढायचं तर पदर हितवर.” तिने हात भुवयांखाली आणला. “त्या पदराखालनं नवऱ्याचं तोंड दिसतंय व्हय? भाकर मोडनारा हात दिसतोय. म्या आल्ते तवा पाच बोटं व्हती. पुढं तीन ऱ्हायली. तीन बोटानं भाकर कशी मोडायची ते त्येंनी हळूहळू शिकून घेतलं, त्ये समदं म्या बघितलंय. म्हातारे गेले, पदर वर सरकला, तवर त्येंचं तोंड पिकून गेल्तं. ह्यो तरना मानूस म्या वळखत न्हाई. आन् ह्या हातानं तर कदी भाकर बी मोडलेली न्हाई. नुस्ते ठिवलेत.”

तात्यारावने ठिपक्याकडे पाहिले. ठिपका चमकत होता. तो आयुष्यात पहिल्यांदा वाया गेला होता.

“माय, आता त्ये असू दे,” दिनकरराव घाईने म्हणाले. ‘आईसाहेब’ गळून पडले होते. “रविवारी दत्ता इचारंल, तवा तू ‘तेच’ म्हन. एवढंच.”

“माझा फोटो कुटं हाय?”

“ह्योच की मोठा केला.”

“मग ल्हाना मला दे, मोठा तुला ठिव.”

“असंल पेंटरकडं.”

“आन. त्यो हातात आल्याबगर म्या बोलनार न्हाई. हो बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई.” ती उठली आणि आत गेली.

व्हरांड्यात दिनकररावांनी तात्यारावला कोपऱ्यात घेतले.

“फोटो?”

“तुमीच म्हनलात जाळा.”

“जाळला?”

“जाळला,” तात्याराव म्हणाला. ठरवलेले खोटे बोलायला त्याला नेहमीच सोपे जाई.

“निगेटिव्ह हाय ना? मग तसाच ल्हाना छापून द्या. जुना करून द्या. म्हातारीला काय कळतंय.” दिनकरराव क्षणभर थांबले. “फकस्त बोटं भरा. त्यो थोटा हात परत माझ्या घरात नको. दत्त्याच्या हाती लागला तर शाळेला तेच नाव पडंल.”

तात्यारावने आयुष्यभर फोटोंना चित्रे बनवले होते. आता फोटोला फोटो बनवायचा होता. तो त्याने बनवला. बैलगाडीच्या चाकावरच्या हाताला शिसपेन्सिलीने आणि ब्लेडच्या टोकाने दोन बोटे आली, चहाच्या पाण्याने कागद पिवळा झाला, कोपरे खरखरीत फरशीवर घासून झिजवले. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवली असती तर नक्कलच जास्त जुनी वाटली असती.

पार्वतीबाईने ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि परत आली.

“बोटं उगवली का रं, दिनकर?”

दिनकररावांनी तात्यारावकडे पाहिले.

“न्हाई, इचारते. मातीत गेल्यावर मानसाची बोटं उगवत्यात, ह्ये मला ठावं नव्हतं.” तिने फोटो त्याच्या हातात परत दिला, फाडला नाही, चुरगळला नाही. “तुज्या बानं दोन बोटं दिली तवा पयली भुई आली. तू त्येंची बोटं परत चिकटवायलायस. भुई बी परत देतोस का?”

ती रागावली असती तर दिनकररावांना सोपे गेले असते. रागावलेल्या म्हातारीला समजावता येते, तिला नातवंडांकडे पाठवता येते. ही नुसती बघत होती. तिच्या नवऱ्याचे दुसरे काहीच उरलेले नव्हते. मुंडासे विरले, गाडी विकली, माणसे त्याचे खरे नावही विसरत चालली. कागदाच्या त्या तुकड्यावरचा हात एवढाच तिला ओळखता येणारा नवरा होता, आणि तो तिच्याच मुलाने पेटीतून काढून नेला होता.

“माझा आनून दे,” ती म्हणाली, “न्हाई तर रविवारी म्या येते आन् जे दिसतंय त्ये सांगते.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तात्याराव भुजंगच्या कचेरीत गेला आणि टेबलापाशी उभा राहिला. दिनकररावांनी त्याला निरोप पाठवला होता, की चित्र पडले तर त्यांच्या ओळखीने येणारी पुढची सगळी कामेही बुडतील.

“फोटो दे, भुजंगा. म्हातारी अडून बसलीय.”

“कोन? पार्वतीमाय?”

“तिला तोच पायजे. बोटं नसलेला.”

भुजंगने फाइल मिटली. त्याला हे अपेक्षित नव्हते. त्या घरात कोणाला तो हात हवा असेल, असे त्याने धरले नव्हते.

“देतो. पण तुझ्या हाती न्हाई. दिनकरच्या तर न्हाईच. म्या सोता मायच्या हातात देतो.”

“मोहळवाडीला येतोस? तू?”

“धड उद्या भिंतीवर चढायलाय. बघू तरी, कसं ठिवलंय.”

विद्यालयाच्या दालनात पंखे नवे होते आणि वीज गेलेली होती. मंत्री उशिरा येणार होते, म्हणून ठरल्याप्रमाणे सगळे वेळेवर येऊन बसले होते. पुढच्या रांगेत पार्वतीबाई एकटी बसली होती. शेजारची खुर्ची मानाच्या कोणासाठी तरी रिकामी ठेवली होती. भुजंग मधल्या वाटेने चालत आला तेव्हा दिनकररावांनी त्याला ओळखले आणि दोन्ही हात पसरले.

“अरे वा! बायनाबाईचा भुजंग! बरं केलंत आलात. झालं गेलं गंगेला मिळालं. आपल्या गावात आता असलं काही राहिलेलं न्हाई. बसा, बसा, मागं बसा.”

भुजंग मागे गेला नाही. तो पार्वतीबाईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो त्याने तिच्या हातात दिला.

तिने कागद उलगडला. चाकावरच्या हातावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. बोटे संपतात तिथे अंगठा थांबत होता. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मग तिने फोटो देणाऱ्याच्या हाताकडे पाहिले आणि तिची नजर तिथेच राहिली.

“तू बायनाचा ना?”

“हो, माय.”

“ह्यो हात पालथा करून मांडीवर ठिव बरं.”

भुजंगने ठेवला. आजूबाजूच्या लोकांना यातले काही समजण्यासारखे नव्हते. एक म्हातारी एका कारकुनाचा हात बघत होती. पार्वतीबाई खांदे हलवत हसू लागली. पदराचा बोळा तिने तोंडात कोंबला.

“आगं माय माय! दिनकरचा बाप!” ती कुजबुजली. “तुला ठावं हाय?”

“पयल्यापसनं.”

“आन् त्याला?”

“न्हाई. सांगू का?”

“काई सांगू नगंस,” पार्वतीबाई म्हणाली. “हार घालू दे त्याला.”

मंत्री आले. पडदा सरला. हैदराबादच्या नसलेल्या चित्रकाराने फसली सालात काढलेले आबासाहेब एक कान मोठा घेऊन सभेकडे पाहू लागले. लोकांनी ‘हातकाम हाय, हातकाम’ असे एकमेकांना सांगितले. दिनकररावांनी हार घातला, मग वाकून चित्रातल्या जोड्यांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. भुजंगने पायांची बोटे चपलेत आखडून घेतली. आठ वर्षांपूर्वी याच दिनकररावांच्या पाणवठ्यावर भुजंगच्या आईचा हंडा उपडा करण्यात आला होता.

तेवढ्यात दत्तराव उभा राहिला.

“एक इचारायचं हाय. आपल्याकडं दस्तुर हाय म्हनून इचारतो. काकू, ह्ये आबाच हायत का?”

दिनकररावांच्या हातातला दुसरा हार तसाच राहिला. त्यांनी आईकडे पाहिले. तिच्या मांडीवरचा फोटो त्यांना दिसला, आणि फोटोतला हातही. तात्याराव दारामागे सरकला.

पार्वतीबाई उठली. उभे राहायला तिला वेळ लागला, तोवर सगळी सभा थांबली.

“दत्ता, माझा मानूस मला गावला,” तिने फोटो छातीशी धरला. “ह्यो भिताडावरचा दिनकरनं आनलाय, त्यो त्यानंच ठिवावा. चांगला मानूस दिसतोय. त्येच्या पाया पडत जा म्हनावं रोज.”

गावातली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. पण मंत्री परगावचे होते. वृद्ध मातेने आशीर्वाद दिला असे समजून त्यांनी टाळ्या सुरू केल्या, आणि मंत्री टाळ्या वाजवत असताना हात स्वस्थ ठेवण्याची मोहळवाडीला सवय नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिनकररावांनी हात जोडले. गेलेला रंग त्यांच्या तोंडावर परत आला. घाबरलेल्या माणसाला सुटका आणि सन्मान यांतला फरक लगेच कळत नाही.

दत्तराव बाकांमधून वाट काढत दारामागे गेला. त्याने तात्यारावच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात विचारले, “आमच्या आजोबांचं करता का? ह्याच्यापरीस मोठं. खुर्ची आन् हात असेच पायजेत.”

पार्वतीबाई आणि भुजंग बाहेर आले. बाहेर ऊन होते. बॅटरीवरच्या कर्ण्यातून दिनकररावांचे भाषण सुरू झाले होते. आबासाहेबांच्या घरंदाज बैठकीबद्दल ते बोलत होते.

“चल घरला, च्या घे,” ती म्हणाली.

“बस हाय, माय.”

“बस काय, दुसरी येतीया की.”

भुजंगने बंगल्याकडे पाहिले. “नको. आज नको.”

तिने फार आग्रह केला नाही. कोणत्या कपात चहा येईल, हे तिलाही नक्की सांगता आले नसते. “तुज्या मायला सांग,” ती म्हणाली, आणि काय सांग ते तिला सुचेना. तिने फोटोकडे पाहिले. “सांग, गावला म्हनावं.”

तो रस्त्याकडे गेला आणि ती घराकडे. आत येऊन तिने कर्ण्याचा आवाज नको म्हणून दार लोटून घेतले, खिडकीखाली बसली आणि फोटो उजेडात धरला. पेटी उघडीच होती. पण तिने फोटो तिच्यात ठेवला नाही; भाकरीच्या टोपल्यावरच्या कोनाड्यात, जेवायला बसल्यावर समोर दिसेल असा, उभा करून ठेवला.